दळण टाकून ये

मुलाला एकटं बाहेर सोडायचं वय कोणतं? शाळेच्या फाटकावर, सोसायटीच्या बाकावर हा प्रश्न नेहमी निघतो. कुणी आठ म्हणतं, कुणी बारा, कुणी "आजकाल नकोच बाई". पण वय विचारण्याआधी रस्ता विचारायला हवा. एकच मूल सातव्या वर्षी गल्लीतल्या वाण्याकडून साखर आणू शकतं आणि तेच मूल बाराव्या वर्षीही हमरस्त्यापलीकडच्या क्लासला एकटं पाठवण्याजोगं नसतं. परवानगी एका रस्त्यापुरती आणि एका वेळेपुरती द्यायची असते. दुसरा रस्ता, दुसरी परवानगी.

आणि पाठवायचं तर काम देऊन पाठवावं. "जा, जरा फिरून ये" याला ना ठिकाण, ना शेवट. दळण टाकणं, कोथिंबिरीची जुडी आणणं, इस्त्रीचे कपडे देणं, डेअरीतून दूध आणणं यांना ठिकाण असतं, पलीकडे ओळखीचा माणूस असतो, किती वेळ लागेल हे माहीत असतं आणि काम झाल्याची खूण हातात परत येते. जुन्या घरांत मुलांना रस्ता असाच शिकवला जायचा, मात्र आपण काही शिकवतोय हे कुणाच्या गावीही नसे. आता दहा मिनिटांत सामान दारात येतं. त्यात सोय आहे, पण घरातलं मुलाच्या हातचं शेवटचं काम त्या सोयीने काढून घेतलं. पाढे आणि ॲबॅकस येणारी, पण पन्नासची नोट देऊन उरलेले पैसे मोजून घेता न येणारी मुलं त्यातून तयार होतात.

मुलांचं एकटं बाहेर पडणं आपल्याकडेच कमी होतंय असंही नाही. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग या संशोधकांनी इंग्लंडमध्ये याचं मोजमाप केलं होतं. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि रस्ते सुरक्षित झाल्याचा पुरावा म्हणून ती सांगितली जाई. हिलमन यांचं म्हणणं उलटं होतं: धोका तिथेच आहे, मुलांना तेवढं तिथून उठवलंय. पालकांनी दिलेलं पहिलं कारण होतं वाहनं.

आपल्याकडेही भीतीचा क्रम तोच असायला हवा. बोलताना मात्र आपण अपहरणापासून सुरुवात करतो आणि उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरवर येतच नाही.

आधी गुडघ्यावर बसा

ज्या रस्त्याने मूल जाणार आहे तो रस्ता त्याच्या उंचीवरून बघायचा. आठ वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वाशे सेंटिमीटर, म्हणजे डोळे जमिनीपासून सुमारे ११५ सेंटिमीटरवर. आजकालच्या उंच एसयूव्ही गाड्यांचं बॉनेट जवळपास तेवढंच येतं. तुम्हाला बॉनेटवरून पलीकडचा रस्ता दिसतो, मुलाला पत्रा दिसतो. लोक बघतील म्हणून लाजू नका. ओलांडायच्या जागी एकदा गुडघे टेकून दोन्हीकडे बघा. निम्म्या जागा तिथेच बाद होतात.

बघताना कागदावर चार गोष्टी टिपाव्यात. फूटपाथ कुठे तुटतो आणि मुलाला रस्त्यावर कुठे उतरावं लागतं. गाड्या कुठून मागे येतात: पार्किंगची फाटकं, तळघराचे उतार, हॉटेलच्या पुढची जागा. रस्ता ओलांडायची ठिकाणं किती. आणि वाटेत कोणती दुकानं त्या वेळेला उघडी असतात. हे शेवटचं बहुतेक पालक विसरतात. दुपारी एक ते चार पुण्यातल्या अनेक गल्ल्या ओस असतात, दुकानांची शटरं खाली असतात. शांत दुपार आईबापांना सुरक्षित वाटते, पण मूल अडलं तर मदतीला माणूस नसतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाड्या भरधाव येतात. पहिल्या कामांसाठी संध्याकाळी साडेपाचची वेळ बरी. दिवेलागणीच्या आत घरी, हा जुना नियम अजून चालतो, फक्त त्याचा काटा सरकता आहे: जूनमध्ये आपल्याकडे सव्वासातपर्यंत उजेड असतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात दिलेली साडेसहाची परवानगी दिवाळीनंतर आपोआप अंधारातली होते.

फूटपाथबद्दल एक आकडा हाताशी असावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. डीपी (विजेची पेटी), झाडाचा कट्टा, पाटी आणि लावलेल्या दुचाक्या यांतून तेवढी मोकळी जागा क्वचित उरते. महापालिकेकडे तक्रार करताना "फूटपाथ खराब आहे" असं मोघम लिहू नका. टेप लावून "अमुक दुकानासमोर ७० सेंटिमीटर उरले आहेत" असं लिहिलं की निदान कागद हलतो. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये पादचारी धोरणच मंजूर केलं आहे, तक्रारीत त्याचा हवाला देता येतो.

जिथे फूटपाथच नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल अशा बेताने चालायचं. मात्र ज्या रस्त्यावर उलट्या बाजूने दुचाक्या घुसतात तिथे त्या मुलाच्या पाठीमागून येतात, म्हणून त्या टप्प्यात भिंतीला खेटून आणि एकेकट्याने. दोन मित्र गप्पा मारत शेजारी शेजारी चालले की बाहेरच्या बाजूचा मित्र रस्त्यातच असतो.

ओलांडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण चूक इथेच महागात पडते.

आपण मोठी माणसं रस्ता कसा ओलांडतो ते जरा आठवा. मुलाचं मनगट धरायचं, "चल, पटकन" म्हणायचं आणि दुसरा हात गाड्यांकडे दाखवत मधूनच घुसायचं. गाड्या हळू होतात. मूल हेच बघतं आणि एकटं असताना हेच करतं. फरक असा की त्याचा वर केलेला हात बॉनेटच्या जेमतेम वर येतो आणि चालवणाऱ्याला दिसतच नाही. त्यामुळे मूल शिकत असेल त्या सहा महिन्यांत तरी तुमचा हात दाखवून ओलांडणं बंद.

"उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे" हे पाठ्यपुस्तकातलं सूत्र बरोबर आहे, पण आपल्या रस्त्यांना पुरत नाही. दुभाजकाला चिकटून उलट्या दिशेने दुचाकी येते. गाडी मागे येते. सिग्नल लाल असतानाही डावीकडे मोकळं वळण चालू असतं. म्हणून रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघायचं आणि ओलांडतानाही मान फिरती ठेवायची.

लावलेल्या गाड्यांच्या मधून जायची वेळ आलीच तर तीन थांबे. पहिला फूटपाथच्या कडेला: दोन्ही गाड्यांत कुणी बसलंय का, इंजिन चालू आहे का, मागचा पांढरा दिवा लागलाय का. यातलं एकही असेल तर दुसरी फट शोधायची. दुसरा थांबा गाड्यांच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत, नाक बाहेर आणि पाय आत. खरं बघणं इथे होतं. तिसरा थांबा रस्त्याच्या मधोमध, तोही दुभाजकात दोन पावलं उभं राहण्याएवढी जागा असेल तरच. टेम्पो किंवा पाण्याच्या टँकरच्या पुढून तर कधीच नाही. वर बसलेल्या चालकाला गाडीच्या नाकाखालचं मूल दिसत नाही.

आता गाडी किती लांब असली की निघायचं? मुलाला "लांब असली की जा" म्हणणं निरर्थक आहे, आणि त्याला कारण आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हेच भरवशाने कळत नाही. दूरच्या गाडीचं चित्र डोळ्यात फार हळू मोठं होतं आणि तेवढा सूक्ष्म फरक टिपायला मुलाची नजर अजून तयार झालेली नसते. वेगाने येणारी गाडी त्याला उभी असल्यासारखी वाटते. मूल लक्ष देत नाही असं आपण म्हणतो, पण इथे लक्ष देऊनही चुकतं.

म्हणून वेगाचा अंदाज मुलावर सोडायचाच नाही, त्याला अंतराची खूण द्यायची. हिशोब असा. दोन पदरी रस्ता सुमारे ७ मीटर रुंद. मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे ७ सेकंद. दचकणं, चप्पल अडकणं यासाठी २ सेकंद धरा. झाले ९. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात १०० मीटर कापते, ५० ने येणारी १२५. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब बहुधा २५ ते ३० मीटरवर असतात, तेव्हा चार-पाच खांब. तुमच्या रस्त्यावर ते किती अंतरावर आहेत हे पावलांनी मोजून घ्या, मोठ्या माणसाचं पाऊल सुमारे ७५ सेंटिमीटर पडतं. मग मुलाला एकच वाक्य: "त्या रसवंतीच्या खांबाच्या अलीकडे कुठलंही चालतं वाहन असेल तर थांब." दोन्ही दिशांना एकेक खूण. आणि वळणामुळे त्या खुणेपर्यंत दिसतच नसेल तर ती जागा मुलाने ओलांडायची नव्हे. शंभर पावलं वाकडी वाट झाली तरी चालेल.

सिग्नलवर एक सोपी सवय लावावी. आपण पोहोचलो तेव्हा माणसाचा हिरवा दिवा आधीपासून लागलेला असेल तर तो सोडून द्यायचा आणि पुढच्या ताज्या हिरव्याला निघायचं. तो लागला तरी तीन अंक मोजून, कारण लाल होता होता सुसाट निघणारे त्या तीन सेकंदांत निघून जातात. झेब्रा पट्टे असतील तर तिथूनच ओलांडावं. कायद्याने वाहनाने तिथे पादचाऱ्याला वाट द्यायची असते. पण पट्ट्यांवर पाय ठेवला म्हणजे गाडी थांबते, हे मुलाला शिकवू नका. गाडी थांबलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे, आणि तिच्या पलीकडून दुसरी ओव्हरटेक करत येत नाहीये हेही.

सराव करताना मुलाला तोंडाने बोलत चालायला सांगा: "उजवीकडून रिक्षा, थांबलो… डावीकडे मोकळं… ती पांढरी गाडी मागे येतेय." पहिल्यांदा ते हसतं, मग गोडी लागते. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे तुम्हाला कळायचा हा एकच मार्ग आहे. पुष्कळ मुलं मान फिरवतात पण बघत नाहीत, कारण आईने मान फिरवायला सांगितलेली असते.

पायऱ्या

पहिल्या पायरीत मूल पुढे आणि तुम्ही दोन पावलं मागे, तोंड बंद. रस्ता त्याने काढायचा. दुसरीत तुम्ही पंधरा-वीस मीटर मागे. तिसरीत तुम्ही फक्त ओलांडायच्या जागी उभे, बाकी रस्ता त्याचा. चौथीत घरी थांबायचं आणि खिडकीत यायचं नाही. सलग पाच खेपा एकदाही टोकावं लागलं नाही, तर पुढची पायरी. चूक झाली तर एक पायरी मागे, आठवडाभर. "आता महिनाभर बाहेर जायचं नाही" ही शिक्षा उपयोगाची नाही, कारण महिन्यात शिकलेलं विसरतं आणि पुढच्या वेळी चूक लपवायला मात्र शिकतं.

कामांचीही चढण असते. आधी एकही रस्ता ओलांडावा न लागणारं, आपल्याच बाजूचं दुकान. मग एक गल्ली ओलांडून. मग हमरस्ता. शाळा त्यानंतर येते, आणि ती बऱ्याचदा वाटते तेवढी लांब नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. एक किलोमीटर म्हणजे मुलाच्या चालीने वीस मिनिटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितल्यापासून निदान अंधारात निघण्याची सबब तरी उरलेली नाही.

पहिलं काम म्हणून दळण मला सगळ्यात उजवं वाटतं. गिरणीत डबा टाकायचा आणि तासाभराने आणायला जायचं, म्हणजे एका कामात त्याच रस्त्याच्या दोन खेपा. गिरणीवाला घर ओळखत असतो. आणि काहीतरी बोलावं लागतं, तोंड शिवून चालत नाही: गहू आहेत, बारीक दळा, आधी बेसन दळलं असेल तर त्यावर टाकू नका. शेवटचं वाक्य विसरलं तर पोळ्यांना डाळीचा वास येतो आणि सगळ्या घराला कळतं. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली? वजनाचं मात्र भान ठेवा. दप्तराच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. तीच इथे लावली तर २५ किलोच्या मुलाला अडीच किलो, म्हणजे दोन किलोच गहू. स्टीलचा डबा नको, तो दोन्ही हात अडकवतो. आखूड बंदांची कापडी पिशवी घ्या, कारण लांब बंदांची पायात येते. एक हात कायम मोकळा.

पैसे रोख द्यावे लागतात, कारण घरी तुम्ही सगळं फोनवरून स्कॅन करून देता आणि मुलाकडे फोन नसतो. शक्यतो मोजके, फार तर दहा-वीस जास्त. पाचशेची नोट नको. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट दिलं तर "मला पैसेच हवेत" म्हणायचा सराव घरी करून घ्या. मोठ्यांनाही ते नीट जमत नाही! चिठ्ठीवर जिन्नस, वजन आणि अंदाजे किंमत लिहा, आणि मागच्या बाजूला घरचा नंबर. एक नंबर तरी पाठ असलाच पाहिजे. फोनमध्ये साठवलेला नंबर फोन हरवला की जातो.

काय बिघडतं

मूल हरवतं कमी, उशीर जास्त करतं. दुकानात गर्दी असते, मोठी माणसं मुलाला मागे सारून आपलं सामान घेतात, आणि मूल मुकाट उभं राहतं. "काका, माझा नंबर आहे" हे वाक्य पाठ करून घ्यायचं. दुसरं म्हणजे, दुकान बंद असलं की मूल स्वतःच्या हुशारीने पुढच्या चौकातल्या दुकानात जातं. चांगलं करायला जातं आणि नेमकं तिथेच गोंधळ होतो. नियम ठरलेला असावा: बंद असेल तर परत ये, रिकाम्या हाताने आलास तर कुणी रागावणार नाही. आणि ते पाळा.

सगळ्या नियमांत कुठला एकच ठेवायचा म्हटलं तर मी हा ठेवेन: ज्या रस्त्याने गेलास त्याच रस्त्याने परत. उशीर झाला तर तुम्ही त्याच वाटेने निघता आणि मूल वाटेत भेटतंच. मूल जवळच्या बोळातून आलं की दोघं एकमेकांना चुकवता आणि दहा मिनिटांत सगळी इमारत खाली उतरते. किती वेळाने निघायचं हेही आधीच ठरवा. नेहमी पंधरा मिनिटं लागतात तर तीस होईपर्यंत बसून राहायचं, एकतिसाव्या मिनिटाला चप्पल घालायची.

घड्याळातल्या जीपीएसवर माझा फारसा जीव नाही. ठिपका कुठे आहे ते कळतं, मूल काय करतंय ते कळत नाही. इमारतीत शिरलं की ठिपका एका जागी अडकतो किंवा शेजारच्या गल्लीत उडी मारतो आणि तुमचा जीव टांगणीला. शिवाय वाटेत घरून फोन आला की मूल रस्त्याच्या मधोमध उभं राहून उचलतं. घड्याळ द्यायचंच तर एक नियम: वाजलं तर आधी कडेला, मग उचल.

पावसाळ्यात रेनकोटची टोपी बाजूचं सगळं झाकते. मान फिरते, टोपी जिथल्या तिथे. टोपी डोक्याला बसणारी, पुढे पारदर्शक कड असलेली घ्या, नाहीतर ओलांडण्यापुरती मागे सारायला शिकवा. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, खाली चेंबरचं झाकण आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. विजेच्या खांबाला, डीपीला हात लावायचा नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी घेऊन उभं राहायचं आणि मग हळूहळू मागे सरकायचं. चावलं किंवा ओरखडलं तर लपवायचं नाही, हे दहा वेळा सांगा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना. मुलं हे लपवतात ते बाहेर जाणं बंद होईल या भीतीने, म्हणून ही भीती आधीच काढलेली बरी.

माणसं

"अनोळखी माणसाशी बोलू नकोस" हा सल्ला दोन्हीकडून फसतो. अडलेल्या मुलाने अनोळखी माणसाशीच बोलायला हवं, आणि मुलांशी वाईट वागणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. त्याऐवजी कृतीचा नियम द्या: घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाच्याही गाडीवर बसायचं नाही, कुणाच्याही घरात जायचं नाही, मग तो शेजारचा दादा का असेना. "तुला आईने बोलावलंय" असं कुणी म्हटलं तर घरात ठरवलेला शब्द विचारायचा. शब्द माहीत नसेल तर मागे फिरायचं, माफी मागायची गरज नाही.

वाटेवरचे तीन थांबे ठरवा: मेडिकल, डेअरी, गिरणी, जिथे दिवसभर तोच माणूस बसतो. मुलाला घेऊन जा, ओळख करून द्या, "ही आता एकटी येणार आहे, काही लागलं तर मला फोन करा" एवढं सांगा. जपानमध्ये यालाच शहरभराची व्यवस्था केलेली आहे. अडचणीत सापडलेल्या मुलाने शिरावं अशा घरांवर आणि दुकानांवर 'कोदोमो ११० बान' अशी पाटी असते. तिथली प्राथमिक शाळेची मुलं अनेक ठिकाणी शेजारच्या मुलांच्या टोळीने, वरच्या वर्गातल्या मुलाच्या मागे ओळीने, ठरवून दिलेल्या रस्त्याने शाळेत जातात. पहिलीतल्यांच्या दप्तरावर पिवळं कव्हर असतं. आपल्या एका इमारतीत पाच-सहा मुलं एकाच शाळेत जात असतील तर ही टोळी उद्या सुरू करता येते. पहिला महिना एक मोठा माणूस मागे, मग सहावी-सातवीतला कुणी पुढे. गडबड होते ती वेळेवरून. एकासाठी सगळे थांबले की चौथ्या दिवशी टोळी मोडते. सात वाजून चाळीसला निघायचं म्हणजे निघायचं, उरलेल्याला त्याच्या घरच्यांनी सोडावं. बाकी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस आणि तातडीची मदत) हे दोन नंबर प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवेत.

मुलं पळवणाऱ्या टोळीचे जे संदेश फिरतात, ते पुढे पाठवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला अशाच अफवेपायी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

मुलींच्या बाबतीत तर गणितच उलटं चालतं. दहाव्या वर्षापर्यंत दोघांना सारखी मोकळीक, मग मुलग्याची वाढत जाते आणि मुलीची आवळत. आणि तेराव्या वर्षी तिच्या सोबतीला नऊ वर्षांचा भाऊ पाठवतात! रस्ता तिला जास्त येतो, पण सोबत त्याची. त्यापेक्षा दोघी मैत्रिणी एकत्र, उजेडात, उघड्या दुकानांच्या रस्त्याने हे जास्त कामाचं. दूरच्या शाळांसाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास आहे, त्याची चौकशी शाळेत करा. सायकलीने काय होतं ते बिहारने दाखवलं. २००६ पासून तिथे नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

सायकलीवर स्वतंत्र लिहायला हवं. इथे एवढंच: ती रस्त्यावर दहा-अकराच्या आधी नको, आणि आधी तोच रस्ता पायी पक्का झालेला हवा. "वाढेल तशी बसेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका, थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत आणि ब्रेकची दांडी बोटांना पुरली पाहिजे. चेनकव्हर असलेलीच घ्या, ओढणी आणि पायजमा त्यातच अडकतो. उभ्या गाड्यांपासून हातभर लांबून, कारण दार कधीही उघडतं. उजवीकडे वळायचं तर उतरून, सायकल हातात धरून ओलांडायचं.

आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती स्कूटरची किल्ली देणं ही मोकळीक नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ सरळ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला धरतं: २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ज्या मुलाला आठव्या वर्षी पायी सोडलं नाही त्यालाच चौदाव्या वर्षी गाडी दिली जाते, कारण तोवर त्याला सोडायला-आणायला घरचे कंटाळलेले असतात.

गेटबंद सोसायटीत राहणाऱ्यांना हे सगळं लागू नाही असं वाटू शकतं. आत मुलं तासन् तास खेळतात, पण फाटकाबाहेरची गल्ली त्यांना परक्या गावासारखी असते. आतल्या रस्त्यांवर तर पालक जास्त गाफील, आणि गाड्या तळघराच्या उतारावरून अंधारातून उजेडात येतात. त्या क्षणी चालवणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात. उताराच्या तोंडाशी खेळायचं नाही, हा नियम मुलांना आणि ताशी दहाची पाटी मोठ्यांना. ॲपवर पालकांचा होकार आल्याशिवाय वॉचमन मुलाला बाहेर सोडत नसेल तर ते बटण दाबायचं कामही तुमचंच आहे. ते विसरून मीटिंगमध्ये बसलात तर मूल फाटकाच्या आत पिशवी घेऊन उभं.

दळण घरी आलं की आधी पिशवीचं तोंड उघडा. ताजं पीठ गरम असतं, तसंच बांधून ठेवलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. मुलाच्या हातून परत आलेले पैसे त्याच्यासमोर मोजून घ्या. दोन रुपये कमी निघाले तर उद्या तोच जाऊन विचारेल.